उजव्या वळणावर गाडी मरते, गॅरेजमध्ये मात्र शहाण्यासारखी वागते

परळकर_पिटस्टॉप | रविवार, रात्री ११.२०

आत्ताच फ्लॅटबेडवरून (गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवरून) गाडी उतरवून घरी आलोय. हाताचं ग्रीस निघालेलं नाही, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

गाडी: दीड लिटर पेट्रोल, मल्टिपॉइंट इंजेक्शन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादाला धागा 'कुठली कंपनी भारी' वर जाईल. आधीच्या मालकाने ट्रॅकसाठी तयार केलेली. मागची सीट नाही, एसी नाही, बॅटरी डिकीत नेलेली, किल स्विच (अपघातात सगळी वीज तोडणारा) बसवलेला, रेडिएटरला मोठा फॅन. दीड वर्षापूर्वी मी घेतली.

दुखणं असं. तळेगावजवळच्या ट्रॅकवर पहिल्या तीन फेऱ्या मस्त जातात. चौथ्या-पाचव्या फेरीला लांब उजव्या वळणावर इंजिन एकदम बंद. मिसिंग नाही, अडखळणं नाही, बटण दाबून दिवा घालवावा तसं. आरपीएमचा काटा सरळ शून्यावर. स्टिअरिंग सरळ होतं न होतं तोच परत जीव येतो आणि गाडी गचका मारून उचलते. आज मागचा गाडीवाला माझ्या बंपरवर येता येता वाचला, मग मीच सेशन सोडलं. डाव्या वळणांवर हे एकदाही झालेलं नाही.

गॅरेजमध्ये तासभर आयडलवर ठेवा, रेस द्या, काही नाही. स्कॅनरला बिघाडाचा एकही कोड नाही.

आतापर्यंत बदललेलं: फ्युएल पंप, क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल. मजुरीसकट साडेचौदा हजार गेले. इलेक्ट्रिशियन आता म्हणतोय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलू. काय करू?

झणझणीत | रविवार, रात्री ११.३८

नवी गाडी घेतल्यावर नारळ फोडला होतास का? उजवीकडे वळताना दोष म्हणजे दक्षिण दिशेचा काहीतरी प्रॉब्लेम दिसतोय.

कोल्हापुरी_क्लच | रविवार, रात्री ११.५१

भावा, टाकीत पेट्रोल किती हुतं? आमच्या कार्टिंगच्या ट्रॅकवर निम्म्या पोरांचं हेच रडगाणं असतंय. वळणात पेट्रोल एका बाजूला पळतंय, पंप हवा ओढतोय, गाडी मरतीय. टाकी फुल्ल कर आन् बघ. ईसीयूला हात लावू नको.

परळकर_पिटस्टॉप | सोमवार, सकाळी ७.०५

माझाही पहिला संशय तोच होता. आज टाकी पाऊणच्या वर होती, तरी तेच. आणि पंपही नवा आहे.

ताम्हण | सोमवार, सकाळी ८.४४

(डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने टाइप करतेय, चुका पोटात घाला.)

पेट्रोल नाही. तुमच्याच वर्णनात उत्तर आहे: काटा सरळ शून्यावर. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, म्हणजे चाकं इंजिनला फिरवतच आहेत. पेट्रोल संपलं असतं तर ताकद गेली असती, पण काटा चाकांबरोबर हळूहळू उतरला असता. इंजिन फिरत असताना काटा शून्य दाखवतो याचा अर्थ एकच, फिरणं मोजणाऱ्याला काही दिसेनासं झालंय. एकतर क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटतोय, नाहीतर खुद्द ईसीयूची वीज जातेय.

या दोन्हींत फरक कसा करायचा? डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा बघा. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद पेटून विझतो ना, तसाच गाडी परत जिवंत होताना तो पेटून विझतो का? तसं असेल तर ईसीयू मेला होता आणि नव्याने सुरू झाला. सेन्सरचा सिग्नल गेला असता तर ईसीयू जागाच राहिला असता, आणि बहुतेक वेळा कोड तरी नोंदवून ठेवला असता. तुमच्याकडे कोड नाही, याचंही बोट तिकडेच आहे. झोपलेला पहारेकरी चोरी नोंदवत नाही.

गाडीत कॅमेरा होता का?

परळकर_पिटस्टॉप | सोमवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ पाहिला. तुम्ही म्हणता तेच! गाडी मरते, परत येते आणि त्याच क्षणी चेक इंजिनचा दिवा दोन सेकंद पेटून विझतो. चार वेळा बंद पडली, चारही वेळा. दीड वर्षात माझ्या नजरेत कसं आलं नाही?

झणझणीत | सोमवार, दुपारी १.४२

वळणात नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची असं तुझा इन्स्ट्रक्टर शिकवतो म्हणून.

विक्रोळी_वायरमन | सोमवार, रात्री ९.१५

गॅरेज बंद करून आत्ता आलो, म्हणून उशीर. माझे वडील चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतायत, मी त्यांच्या हाताखाली. त्यांचं एक म्हणणं आहे, कंपनीच्या वायरिंगमध्ये शेवटी शोधायचं, माणसाने केलेल्या वायरिंगमध्ये आधी. तुमच्या गाडीत माणसाने काय काय केलंय ते बघा. बॅटरी डिकीत नेली, किल स्विच टाकला, फॅन बदलला. चोर या तीन घरांपैकी एकात आहे.

बॅटरी डिकीत नेणारे दहातले आठ जण निगेटिव्हचा थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) डिकीतल्या पत्र्यावर बोल्ट मारून मोकळे होतात, तेही रंग न खरवडता. पत्रा दिसायला अखंड, पण करंटला रंगावरून उडी मारावी लागते. बॅटरी पुढे असताना इंजिनला थेट जाणारी जाड अर्थिंग केबल होती, ती काढून टाकलेली. मग सेल्फचा शंभर-दीडशे अँपियर करंट परत कुठून येणार? जिथून वाट मिळेल तिथून. मी एका गाडीची अ‍ॅक्सिलरेटर केबल सेल्फ मारताना तापून धूर सोडताना बघितली आहे. ती केबल अर्थिंगचं काम करत होती बिचारी.

कारशेडकाका | सोमवार, रात्री १०.०२

वायरमनसाहेबांशी सहमत. मी मोटारीतला नाही, आयुष्य लोकलच्या कारशेडमध्ये गेलं. १५०० व्होल्ट डीसीच्या काळात लागलो आणि २५ हजार व्होल्ट एसी येईपर्यंत होतो. आमच्याकडे करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळातून परत जातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण चाकातून रुळात जाताना वाटेत अ‍ॅक्सलचं बेअरिंग लागतं, हे कोणी लक्षात घेत नाही. करंट बेअरिंगमधून गेला तर आतल्या गुळगुळीत कड्यांवर खड्डे पडतात. म्हणून अ‍ॅक्सलच्या टोकाला कार्बनचा ब्रश लावून करंटला वेगळी वाट करून दिलेली असते. ती वाट बंद पडली की करंट थांबत नाही, तो बेअरिंग खातो. मोटारीत अर्थिंगची केबल काढली की तेच होणार, तुमच्याकडे अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि गिअरची केबल.

आता मोजायचं कसं ते सांगतो, कारण इथेच लोक फसतात. केबल जागेवर आहे, मल्टिमीटर ओहमवर लावला, शून्य दाखवतो, बझर वाजतो, म्हणजे केबल ठीक असं समजू नका. केबलमधल्या शंभर तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्यच दाखवील, कारण मीटर तिच्यातून जेमतेम चिमूटभर करंट सोडतो. तिच्यावर सेल्फचा भार टाका, मग ती खरं बोलेल. माणसाची परीक्षाही नुसतं बघून नाही, ओझ्याखाली होते, तसंच.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, थिंबलवर नाही, खुद्द खांबावर. लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर. पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि तीन-चार सेकंद सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग उत्तम. ०.५ च्या वर गेलं तर शोधा. पॉझिटिव्हच्या बाजूला तीच मोजणी बॅटरीचा खांब ते सेल्फचा खांब, तिथे ०.५ पर्यंत चालवून घेऊ.

वाचनमात्र | सोमवार, रात्री १०.३०

पाच वर्षं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. काका, अर्थिंगचा हा मुद्दा इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कोणी असा समजावला नाही.

गिरगावचा_गिअर | मंगळवार, सकाळी ९.१०

एवढी चर्चा कशाला, बॅटरी नवी टाका. माझ्या गाडीचं सगळं दुखणं बॅटरी बदलल्यावर गेलं.

ताम्हण | मंगळवार, सकाळी ९.२२

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बॅटरी कमजोर असती तर सकाळी सेल्फ लागताना कळलं असतं. रात्रभर उभ्या गाडीच्या खांबांवर १२.६ व्होल्ट असले की बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटरही बरा. चालत्या गाडीला वीज अल्टरनेटर देतो, बॅटरी तेव्हा पाहुणी असते. उजव्या वळणावर पाहुणी रुसण्याचं कारण नाही.

परळकर_पिटस्टॉप | मंगळवार, रात्री ११.५०

काका, मोजलं. ०.९१ व्होल्ट! डिकीतला बोल्ट काढला तर थिंबलखाली निळा रंग जसाच्या तसा, चकचकीत. इंजिनला जाणारी केबल होती, पण बारीक, आणि तिच्या टोकाला हिरवा चट्टा. आमच्या चाळीच्या पटांगणात गाडी दीड वर्ष उभी आहे, वर शिवडीची खारी हवा. केबल कापली तर आत वीतभर तांबं काळं पडलेलं.

आज लोहार चाळीतून २५ चौरस मिलिमीटरची केबल आणि थिंबल आणले. दुकानदाराने विचारलं, लिफ्टसाठी पाहिजे का? डिकीतला रंग पॉलिश पेपरने काढला, बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनपर्यंत वेगळी केबल टाकली, बॉडीलाही एक दिली. आता ०.१७. सेल्फ असा फिरतो की जणू इंजिन बदललं. हेडलाइटही उजळले.

रोग सापडला, मंडळी! शनिवारी ट्रॅक आहे. सगळ्यांना वडापाव माझ्याकडून.

विक्रोळी_वायरमन | बुधवार, सकाळी ७.३०

रंग काढलेल्या जागेवर बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा, नाहीतर जूनमध्ये गंज. आणि वडापाव शनिवारनंतर.

ठाण्याचा_टॉर्क | बुधवार, दुपारी ३.१५

धाग्यात घुसतोय, माफी असावी. किल स्विचचा विषय निघाला म्हणून विचारतो. माझा स्विच तपासणीत नापास झाला. स्विच बंद केला, तरी इंजिन चालूच! तपासणीस हसायला लागला. स्विच चांगला आहे, इंजिन बंद असताना सगळी वीज जाते. मग?

विक्रोळी_वायरमन | बुधवार, रात्री ९.४०

दोन खांबांचा स्विच लावलाय ना? तो फक्त बॅटरी तोडतो. इंजिन चालू आहे, अल्टरनेटर फिरतोय आणि तो स्विचच्या पलीकडून ईसीयूला वीज पुरवतोय. बॅटरीची गरजच उरली नाही. अपघातात तुम्ही बेशुद्ध, माणूस धावत येऊन बाहेरून स्विच फिरवतो, आणि पंप पेट्रोल ओततोच आहे. तपासणीस हसला तरी नापास केलं ते बरंच केलं.

सहा खांबांचा स्विच आणा. दोन जाड खांब बॅटरीचे. दोन बारीक खांबांतून इग्निशनची वायर न्यायची, म्हणजे स्विचबरोबर ईसीयूची वीजही तुटते. उरलेल्या दोन बारीक खांबांवर रेझिस्टर असतो, साधारण ३ ओहम, ११ वॉटचा. स्विच बंद होताच तो अल्टरनेटरचा उरलेला जोर अर्थमध्ये जिरवतो. तो नसेल तर बॅटरी अचानक सुटल्यावर अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळी मारतो, आधी त्याचे डायोड जातात, मग नशीब वाईट असेल तर ईसीयू.

आणि बाहेर खूण चिकटवा: पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, आत लाल वीज. धावत येणारा माणूस तीच शोधतो.

नियमपाळ | बुधवार, रात्री १०.२०

असल्या गाड्यांचे आवाज आम्ही वांद्र्याला शनिवारी रात्री ऐकतो. लाज वाटली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ ऐकलंय का?

परळकर_पिटस्टॉप | बुधवार, रात्री १०.४५

ऐकलंय, आणि तुमच्या बाजूनेच आहे मी. ही गाडी रस्त्यावर चालवत नाही, एक्सप्रेसवेवरून फ्लॅटबेडवर जाते, तशीच परत येते. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यांमुळेच आमची बदनामी होते. मुंबईत ट्रॅक नाही ही रडकथा आहेच. इथल्या माणसाने तळेगाव, नाहीतर कोईम्बतूर, नाहीतर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई गाठायचं. मी तो खर्च करतो.

परळकर_पिटस्टॉप | शनिवार, रात्री ९.३०

वडापाव रद्द.

सकाळच्या सेशनला चौथ्या फेरीत, त्याच उजव्या वळणावर, तसंच. काटा शून्य, दिवा पेटून विझला. अर्थिंग ०.१७ आहे, आत्ताही मोजली. डोकं चालत नाही. इलेक्ट्रिशियनचा मेसेज आलाय, 'बोललो होतो ना, ईसीयू'.

कोल्हापुरी_क्लच | शनिवार, रात्री ९.४१

वाईट वाटून घेऊ नको भावा. एक रोग बरा झाला, दुसरा हाय. लई येळा दोन असत्यात.

ताम्हण | शनिवार, रात्री १०.१५

ईसीयूवाल्याला थांबवा. आपण आतापर्यंत गाडीला गॅरेजमध्ये प्रश्न विचारतोय आणि ती उत्तर देते फक्त वळणावर. मीटर घेऊन वळणावर बसता येत नाही, मग साक्षीदार गाडीतच बसवू.

लॅमिंग्टन रोडवरून तीन एलईडी आणा: लाल, हिरवा, पिवळा. प्रत्येकाला मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर. १४ व्होल्टला जेमतेम १२ मिलिअँपियर घेईल, गाडीला पत्ताही लागणार नाही. सगळा खर्च एका कटिंग चहाएवढा. प्रत्येक वायरला, जिथून ती वीज घेतली तिथेच, बारीक अर्धा अँपियरचा फ्यूज लावा, नाहीतर साक्षीदारच आग लावायचा.

लाल: इग्निशन स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरवर.
हिरवा: मेन रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या मुख्य स्विचच्या) ८७ नंबरच्या, म्हणजे वीज बाहेर सोडणाऱ्या, पिनेतून ईसीयूकडे जाणाऱ्या वायरवर.
पिवळा: पंपाच्या वायरवर.

तिन्हींची निगेटिव्ह बाजू थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, बॉडीला नको. एलईडी कॅमेऱ्याला दिसतील असे डॅशबोर्डवर. उन्हात दिसत नाहीत, त्यामुळे टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्यात बसवा आणि खोकं कॅमेऱ्याकडे उघडं ठेवा.

लाल विझला तर इग्निशन स्विच, किल स्विच किंवा त्याच्या मागचं काही. लाल पेटता राहून हिरवा विझला तर रिले आणि त्याचं सॉकेट. तिन्ही पेटते राहून गाडी मेली, तर मी स्वतः येऊन तुमच्या ईसीयूची माफी मागेन.

आणखी एक. तो जुना व्हिडिओ पूर्ण पाठवाल का? नुसता बंद पडण्याचा तुकडा नको.

झणझणीत | शनिवार, रात्री १०.२३

टूथपेस्टच्या खोक्यात मीठ आहे का, हे तपासणीसाने विचारलं तर काय सांगायचं?

ताम्हण | रविवार, दुपारी १२.१०

व्हिडिओ तीनदा पाहिला. परळकर, तुम्ही आम्हाला एक गोष्ट सांगितली नाहीत. तिसऱ्या फेरीच्या सरळ पट्ट्यावर तुमचा डावा हात गिअरच्या पुढे जातो आणि काहीतरी दाबतो. रविवारच्या चारही सेशनमध्ये. आणि त्यानंतरच्या उजव्या वळणांवरच गाडी मरते. काय आहे तिथे?

परळकर_पिटस्टॉप | रविवार, दुपारी १२.२६

फॅनचा स्विच. आधीच्या मालकाने आपोआप लावणारा थर्मोस्विच काढून हाताने चालवायचा केलाय. तिसऱ्या फेरीला तापमानाचा काटा वर सरकू लागला की मी सवयीने चालू करतो. त्याचा काय संबंध?

अरे देवा.

विक्रोळी_वायरमन | रविवार, दुपारी १२.४०

म्हणजे 'चौथ्या फेरीला तापल्यावर' वगैरे काही नव्हतंच! गाडी तापत नव्हती, तुम्ही फॅन लावत होतात! दीड वर्ष काखेत कळसा आणि गावाला वळसा.

फॅनला करंट कुठून दिलाय ते शोधा. माझी पैज, किल स्विच बसवताना कोणीतरी एकच रिले टाकून त्याच्याच ८७ वरून ईसीयू, पंप आणि फॅन सगळ्यांचं दुकान मांडलंय.

परळकर_पिटस्टॉप | पुढचा रविवार, रात्री ८.५५

सविस्तर लिहितो, कारण हे धाग्यात राहायला हवं.

काल सकाळी ट्रॅकवर तीन दिवे लावून गेलो. दोन सेशन फॅन न लावता, तापमानावर नजर ठेवून, चार-चार फेऱ्या. गाडी एकदाही मेली नाही. तिसऱ्या सेशनला फॅन लावला. दुसऱ्याच उजव्या वळणावर मेली. व्हिडिओ सावकाश करून पाहिला: लाल ढिम्म पेटलेला, हिरवा आणि पिवळा एकत्र विझतात. सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ, हिरवा २२ फ्रेम अंधारात. म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. एवढ्यासाठी साडेचौदा हजार!

आज डाव्या सीटच्या पायाकडचं प्लॅस्टिक उघडलं. वायरमन, पैज जिंकलात. मेन रिले, सगळ्यांना एकच. रिलेचं सॉकेट कशालाही स्क्रूने लावलेलं नाही, एका प्लॅस्टिकच्या पट्टीने वायरच्या जुडग्याला लटकवलेलं, घड्याळाच्या लंबकासारखं. वायरी गाडीच्या मध्याकडून येतात. उजव्या वळणावर रिले डावीकडे फेकला जातो आणि वायरी ताणतात. डाव्या वळणावर तो वायरींच्या बाजूलाच सरकतो, त्या सैल पडतात. ८७ ची पिन सॉकेटमध्ये अडकलेलीच नव्हती, तिची जीभ मोडलेली, अर्धी मागे सरकलेली. भोवतीचं प्लॅस्टिक करपून तपकिरी.

मोजणी, इंजिन चालू, सुया रिलेच्या पिनेवर आणि त्याच पिनेच्या वायरवर: फॅन बंद असताना ०.१ व्होल्ट. फॅन लावला की ०.८. मग सॉकेट बोटाने डावीकडे ओढलं आणि इंजिन मेलं. गॅरेजमध्ये, उभ्या गाडीत, पहिल्यांदा! मी इतका खूश झालो की आईने खिडकीतून विचारलं काय झालं.

ताम्हण | रविवार, रात्री ९.२०

वा! आता हिशोब बघा. ईसीयू, इंजेक्टर, कॉइल, पंप मिळून चौदा-पंधरा अँपियर धरू, फॅनचे आणखी पंधरा. सगळे मिळून ३०. ३० अँपियर गुणिले ०.८ व्होल्ट म्हणजे २४ वॉट, एका नखाएवढ्या पिनेत. दुकानातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. तुमच्या डाव्या सीटच्या पायाशी कोणीतरी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून गेलं होतं. तापलेल्या पिनेचा ताण जातो, पकड सैल होते, सैल झाली की आणखी तापते. फॅन नसताना ती सैल पिनही टिकून राहायची.

कारशेडकाका | रविवार, रात्री ९.४८

आणि फ्यूज का गेला नाही, असं कोणी विचारण्याआधी सांगतो. फ्यूज जास्त करंटला उडतो. इथे करंट जास्त नव्हताच, वाट अरुंद होती. सैल सांध्याला फ्यूज ओळखत नाही. आमच्या रेकमध्येसुद्धा आगीचं पहिलं कारण सांधा, दुसरं सांधा.

परळकर_पिटस्टॉप | रविवार, रात्री १०.०५

आता नव्याने करतोय. ईसीयू व इंजेक्टरला एक रिले, पंपाला दुसरा, फॅनला तिसरा, फॅनची वायर ४ चौरस मिलिमीटर, बॅटरीच्या बाजूने जवळच फ्यूज. सगळे रिले पत्र्याला स्क्रूने. सांधे सोल्डर करू का?

विक्रोळी_वायरमन | रविवार, रात्री १०.१२

नको. सोल्डर तारांच्या आत चढतं, तिथे वायर काडीसारखी कडक होते आणि थरथरीने नेमकी त्याच टोकाला तुटते. चांगल्या क्रिंपरने (वायरीवर पिन दाबून बसवायच्या पकडीने) दाबा, वर गोंदवाली स्लीव्ह.

ताम्हण | रविवार, रात्री १०.१९

सोल्डर केलेले सांधे मी दहा वर्षं वापरतेय, तुटले नाहीत.

विक्रोळी_वायरमन | रविवार, रात्री १०.२१

तुमचे सांधे टेबलावर असतात, ताई.

ताम्हण | रविवार, रात्री १०.२२

हे मान्य.

कोल्हापुरी_क्लच | रविवार, रात्री १०.३०

क्रिंप केल्यावर प्रत्येक वायर वढून बघ. जोरात वढ. निघाली तर घरात निघू दे, ट्रॅकवर नको.

गिरगावचा_गिअर | रविवार, रात्री १०.५८

बॅटरी नवी टाकली का?

परळकर_पिटस्टॉप | पुढच्या महिन्यातला शनिवार, रात्री १०.१०

आज वीस-वीस मिनिटांची तीन सेशन. फॅन पहिल्या फेरीपासून चालू. तिन्ही दिवे अजून खोक्यात आहेत, काढवत नाहीत. एकदाही विझले नाहीत. ८७ वर आता फॅनसकट ०.०४ व्होल्ट. जुनं सॉकेट कपाटात ठेवलंय, पाहुण्यांना दाखवतो.

वडापाव पुढच्या रविवारी, शिवाजी पार्कला, सकाळी आठ. वायरमनचे वडीलही यावेत ही विनंती.

एक राहिलं. सगळं नीट चालतंय, पण हॉर्न वाजत नाही. आधी वाजायचा.

कारशेडकाका | शनिवार, रात्री १०.१७

इंजिनची जुनी बारीक केबल काढलीत ना, तिच्या बोल्टवर आणखी एक काळी वायर होती का?

परळकर_पिटस्टॉप | शनिवार, रात्री १०.३५

होती. तिला टेप मारून बाजूला ठेवली. खाली जाऊन येतो.